टाचेवरचा काळा डाग आणि लिपिडचा रिपोर्ट: एक प्रकरण अभ्यास

मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. पेशंटच्या आणि घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पेशंटला इथे नाना म्हणू.

पार्श्वभूमी

नाना तेव्हा ६१ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून यायचे. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्यातून निघाली की तिच्यासोबत सासवडपर्यंत चालत जायचे आणि दिवेघाट अनवाणी चढायचे. हा त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा नेम. चालणं एवढं असूनही पोट सुटलेलं होतं आणि रक्तातली चरबी, म्हणजे लिपिड, चार वर्षांपासून वाढलेली होती.

त्यांचा नेहमीचा रिपोर्ट मला पाठ झाला होता: एकूण कोलेस्टेरॉल २४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) ३१८, एच.डी.एल. (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एल.डी.एल. (वाईट कोलेस्टेरॉल) १४४. ट्रायग्लिसराइड वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली, ही जोडी आपल्याकडच्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये रोज दिसते. अटोरव्हास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाची) १० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलेली होती. ती आठवड्यातून तीन-चार दिवस पोटात जायची. दर तीन महिन्यांनी नाना यायचे, मी रिपोर्ट बघायचे, थोडं रागवायचे, ते हसायचे आणि जायचे.

त्या वर्षी वारीहून आल्यावर डाव्या टाचेत काटा मोडल्यासारखं वाटतं, असं ते घरी म्हणाले होते. तिथे एक काळसर ठिपका होता. रक्त साकळलं असेल, म्हणून सोडून दिलं. गणपतीपर्यंत तो मोठा झाला, तेव्हा ते कुरूप ठरलं. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून दोन महिने लावली गेली. काकू (नानांच्या पत्नी) रोज रात्री त्यांचे तळपाय साजूक तूप लावून काशाच्या वाटीनं घासायच्या. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, घासता घासता तूप काळं होतं आणि तळपायही काळवंडतो. त्या काळ्यात हा काळा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

मार्गशीर्षात नाना तापानं आले, सोबत काकू होत्या. निघताना दारात थांबून काकू म्हणाल्या, “डॉक्टरबाई, वाटीचा काळा साबणानं जातो. हा एक जात नाही. जरा बघता का?”

मी टाच पाहिली. साधारण दीड सेंटीमीटरचा डाग, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला गडद काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, मध्ये किंचित उंचवटा. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला.

निदान

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, पाहिलं. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या समांतर रेघा असतात, उंचवटा आणि खाच, उंचवटा आणि खाच. साध्या तिळात रंग बहुधा खाचांमध्ये बसतो. इथे तो उंचवट्यांवर पसरला होता. तळपायाच्या मेलानोमाची, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींच्या कॅन्सरची, ही मोठी खूण.

इथे पहिला निर्णय होता, आणि तो बरोबर झाला. असे डाग चामखीळ किंवा कुरूप समजून जाळून टाकले जातात आणि तपासायला काहीच उरत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी सर्वांत जाड भागातून तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. उत्तर आलं: ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा (तळपाय, तळहात, नखं इथे होणारा प्रकार), ब्रेस्लो जाडी २.६ मिलिमीटर, वरची कातडी फाटलेली नाही.

गोऱ्या लोकांमध्ये मेलानोमाचा संबंध बहुतांशी उन्हाशी असतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत तो एकूणच कमी दिसतो, आणि दिसतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. या प्रकाराचं खापर उन्हावर फोडता येत नाही.

ब्रेस्लो जाडी म्हणजे कातडीच्या वरच्या थरापासून गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंतचं अंतर. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये ते मोजायला सुरुवात केली. आजही कातडीपुरत्या मेलानोमाचं गांभीर्य ठरवताना सर्वांत जास्त वजन या मिलिमीटरलाच आहे. १ पर्यंत, १ ते २, २ ते ४ आणि ४ च्या पुढे, अशा चार पायऱ्या. नाना तिसऱ्या पायरीवर होते.

अडचण कुठे झाली

ऑपरेशनची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. त्याआधी नाना, काकू आणि हिंजवडीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा माझ्याकडे आले. मुलानं वडिलांचे चार वर्षांचे लिपिड रिपोर्ट एक्सेलमध्ये भरून आणले होते. रक्तातली चरबी आणि मेलानोमाची तीव्रता यांचा संबंध सांगणारे काही शोधनिबंधही त्यानं वाचले होते. त्यानं विचारलं, “मॅडम, कोलेस्टेरॉल जास्त असेल तर हा कॅन्सर जास्त पसरतो ना?”

मी म्हणाले, “संबंध आहे असं काही अभ्यास सांगतात. ऑपरेशन होईल, तोवर आपण लिपिडही खाली आणू.”

हे वाक्य मला अजून सलतं. माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालायच्या होत्या. मुलानं ऐकलं ते असं: आधी लिपिड खाली आणू, मग ऑपरेशन. त्यातच स्टेजिंगच्या (कॅन्सर किती पुढे गेला ते ठरवण्याच्या) तक्त्यात शेवटच्या टप्प्यासमोर ‘एल.डी.एच.’ असं लिहिलेलं त्यानं पाहिलं आणि ते एल.डी.एल. समजलं. एल.डी.एच. हा वेगळाच पदार्थ, पेशींमधलं एक एन्झाइम. मेलानोमा दूरच्या अवयवांत पसरला असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण स्टेज ठरवताना धरतात. कोलेस्टेरॉलशी त्याचा काही संबंध नाही. एका अक्षराच्या फरकानं मुलाची खात्रीच पटली, की डॉक्टर लोकही चरबीच मोजतात.

दुसरीकडे नानांच्या साडूंनी ठाम सांगितलं, की कोलेस्टेरॉलच्या गोळीनंच कॅन्सर झाला. नानांनी गोळी बंद केली. मुलानं ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि घरात तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद केलं. मला यातलं काहीच कळलं नाही. मी धरून चालले होते, की ऑपरेशन झालं असणार.

पाच आठवड्यांनी नाना नवा लिपिड रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले, चालत. टाच तशीच होती.

रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २३६, एच.डी.एल. ३१, एल.डी.एल. १३७, आणि ट्रायग्लिसराइड ३१८ वरून ३४१. तूप बंद झालं तशी भूक भागवायला भात वाढला, सोबत केळी, चिकूचा रस, राजगिऱ्याचे लाडू. जास्तीच्या साखर-पिठाचं लिव्हरमध्ये ट्रायग्लिसराइड होतं. मुलगा रिपोर्टकडे बघत राहिला. त्याला समजेना, की एवढं करून आकडा वाढला कसा.

लिपिड आणि मेलानोमा: काय माहीत आहे

त्या दिवशी मी दवाखाना अर्धा तास थांबवला आणि कागद घेऊन बसले. मुलगा चुकीचं काही वाचून आला नव्हता. त्यानं वाचलेलं खरंच होतं, फक्त ते त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

कॅन्सरच्या पेशींना चरबी लागते. नवीन पेशी बनवायची तर तिचं आवरण कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचंच असतं. २०१८ मध्ये झेब्राफिश नावाच्या माशांवर आणि मानवी पेशींवर झालेल्या कामात दिसलं, की मेलानोमाच्या पेशी शेजारच्या चरबीच्या पेशींकडून थेट चरबी ओढून घेतात आणि त्यासाठी एफ.ए.टी.पी.१ नावाचं प्रथिन वापरतात. त्याआधी २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, की दूर पसरणाऱ्या कॅन्सरपेशींवर चरबी आत घेणारं सी.डी.३६ नावाचं दार जास्त असतं. २०२० मध्ये रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या ए.पी.ओ.ई. या प्रथिनाच्या जनुकाचा आनुवंशिक प्रकार आणि मेलानोमाचा प्रवास यांचा संबंध उंदरांमध्ये आणि पेशंटांच्या माहितीत दिसला.

पण माशांवरच्या प्रयोगातली चरबी ही गाठीच्या शेजारची चरबी. टाचेत कातडीखाली चरबीची जाड गादी असते, आपण तिच्यावरच उभे राहतो. गाठ खोल गेली की त्या गादीला टेकते. रक्ताच्या रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड ३०० वरून १५० झालं म्हणून ती गादी कुठे जात नाही. हे मी कागदावर टाच काढून दाखवलं तेव्हा नाना पहिल्यांदा पुढे झुकून बघायला लागले.

माणसांवरच्या अभ्यासांत चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. लठ्ठ लोकांत निदानाच्या वेळी मेलानोमा जास्त जाड आढळतो, असं काही अभ्यासांत दिसलं. त्याचं कारण चरबीचं रसायन असेल, किंवा एवढंच असेल की मोठ्या पोटाच्या माणसाला स्वतःचा तळपाय दिसत नाही. नानांच्या बाबतीत मला दुसरं कारण जवळचं वाटतं. उलट २०१८ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, पसरलेल्या मेलानोमावर नवी औषधं घेणारे लठ्ठ पुरुष सडसडीत पुरुषांपेक्षा जास्त जगल्याचं दिसलं. शिवाय आजार वाढला, माणूस खंगला, की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. म्हणजे कमी आकड्यामागे चांगली तब्येत असेल किंवा वाढलेला आजारही असेल. नुसता आकडा बघून ते कळत नाही.

स्टॅटिनबद्दलही असंच. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात, स्टॅटिन घेणाऱ्या पुरुषांमध्ये मेलानोमाची जाडी कमी दिसली, पण मेलानोमा होण्याचं प्रमाण घटलं नाही. दुसऱ्या टोकाला साडूंची भीती. तिला २०१२ च्या एका विश्लेषणात उत्तर आहे: स्टॅटिनच्या २७ चाचण्या, सुमारे १,७५,००० माणसं, आणि कॅन्सर ना वाढला ना कमी झाला. ती गोळी हृदयासाठी आहे आणि नानांच्या हृदयाला तिची गरज होती.

समोरचे पर्याय

मुलाचा पर्याय: आणखी दोन महिने घ्यायचे, आहारतज्ज्ञ लावायचा, ट्रायग्लिसराइड २०० च्या खाली आणून मग ऑपरेशन. ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात असतं तर स्वादुपिंडाला सूज येण्याच्या भीतीनं आधी ते बघावं लागलं असतं. ३४१ साठी ऑपरेशन थांबवायचं काही कारण नव्हतं.

मुलानंच सुचवलेला दुसरा पर्याय: स्टॅटिनचा सर्वांत मोठा डोस, कॅन्सरचं औषध म्हणून. त्यासाठी हाताशी पुरावा नव्हता, आणि स्नायूदुखी, लिव्हरवरचा ताण हे तोटे मात्र ठाऊक होते.

साडूंचा पर्याय: गोळी कायमची बंद.

आणि चौथा: मिळेल त्या पहिल्या तारखेला ऑपरेशन, गोळी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा चालू, जेवण नेहमीसारखं पण भात आणि गोड आवरलेलं, जखम भरून यायला प्रथिनं पुरेशी.

मी चौथा सुचवला. नाना बराच वेळ गप्प होते. मग मुलाला म्हणाले, “तू माझ्यासाठी केलंस रे. पण आता बाईंचं ऐकू.” मुलानं तिथेच फोन काढून हॉस्पिटलला लावला.

केलेले उपचार

सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. जाडी २ मिलिमीटरच्या वर असल्यामुळे गाठीभोवती सगळीकडून २ सेंटीमीटर निरोगी कातडी धरून काढली. टाचेवर अंगाचं वजन पडतं, तिथे मांडीची पातळ कातडी लावली तर टिकत नाही. म्हणून सर्जननी तळपायाच्या कमानीतली जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसह फिरवून टाचेवर बसवली. कमान जमिनीला टेकत नाही, तिथे पातळ कातडी चालते. त्याच वेळी निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून, टाचेतून निघणारा लसीका (लिम्फ) प्रवाह जांघेतल्या ज्या गाठींपर्यंत सर्वांत आधी पोहोचतो त्या दोन गाठी काढून, कॅन्सर तिथवर गेला आहे का ते तपासलं.

आठव्या दिवशी टाक्यांची एक कड ओली झाली, थोडा जंतुसंसर्ग झाला. नेमकं त्याच दिवशी मुलानं घरी माणूस बोलावून पुन्हा लिपिडची तपासणी करून घेतली. एकूण १७६, एच.डी.एल. २८, ट्रायग्लिसराइड २९०, एल.डी.एल. ९०. तो आनंदानं फोनवर सांगत होता. मला त्याचं मन मोडायचं नव्हतं, तरी सांगावं लागलं. मोठं ऑपरेशन किंवा संसर्ग झाला की एल.डी.एल. आणि एच.डी.एल. दोन्ही काही आठवडे खाली जातात. तो आकडा शरीरावरच्या ताणाचा होता. खरी स्थिती बघायची तर जखम भरून किमान सहा-आठ आठवडे जायला हवेत.

परिणाम

टाचेतल्या गाठीची अंतिम जाडी २.८ मिलिमीटर आली. जांघेतल्या दोन्ही गाठी स्वच्छ होत्या. स्टेज २-अ, म्हणजे कॅन्सर कातडीपुरताच. या टप्प्यावर पुढची इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारी औषधं) देत नाहीत. ठरलेल्या अंतरानं तपासणी करत राहायचं.

मुलानं रिपोर्ट हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारला, “२.६ चं २.८ झालं ते माझ्यामुळे का?” मी त्याला जे खरं तेच सांगितलं. बायोप्सी एका तुकड्याची होती, अंतिम मोजमाप अख्ख्या गाठीचं. बायोप्सीत न आलेल्या भागात २.८ आधीपासूनच असू शकतं. दोन्हींची वजाबाकी करून पाच आठवड्यांची वाढ काढता येत नाही. आणि त्या पाच आठवड्यांनी काहीच बिघडलं नाही, असंही मला म्हणता येत नाही. त्यानं मान हलवली. त्या दिवसानंतर त्याची एक्सेलची फाइल मी पाहिलेली नाही.

तीन महिन्यांनी टाच भरली. अटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम रोज, न चुकता. साधं वरण-भात-भाजी-पोळी, उसळी आणि चमचाभर तूप. रिपोर्ट: एकूण १५८, एच.डी.एल. ३८, ट्रायग्लिसराइड १६५, एल.डी.एल. ८७. हे आकडे बघून मला समाधान वाटलं, आणि ते नानांच्या हृदयापुरतं.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिली गोष्ट, मी पाय बघेन. आमच्या दवाखान्यात सगळे चपला दाराबाहेर काढून येतात. वारीनंतर आषाढ ते मार्गशीर्ष या काळात नाना दोनदा लिपिडचा रिपोर्ट दाखवायला आले, दोन्ही वेळा अनवाणी, माझ्यापासून दोन हातांवर बसलेले. मी कागदावरचे चार आकडे पाहिले. डागाचं दुखणं नव्हतं म्हणून ते बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. काटा मोडल्यासारखं वाटलं तेव्हाच पाहिलं असतं तर काय जाडी निघाली असती हे सांगता येत नाही, पण आजवरच्या माझ्या कामात मला सर्वांत जास्त याचीच खंत आहे.

दुसरी, बोलण्याचा क्रम. आता मी आधी ऑपरेशनची तारीख कागदावर लिहून देते. लिपिडबद्दल त्यानंतरच बोलते. ‘संबंध आहे’ एवढंच बोलून थांबत नाही. तो माशांत दिसला, उंदरांत दिसला की माणसांत, आणि त्यामुळे उद्या सकाळी तुम्ही काही वेगळं करायचं आहे का, हेही त्याच दमात सांगते.

तिसरी, ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी फोन. तो मी केला असता तर पाच आठवड्यांचे दोन दिवस झाले असते.

मुलाला मात्र वेगळं काय करायला हवं होतं, हे मला अजून नेमकं सांगता येत नाही. त्यानं वाचलं, वडिलांचे आकडे मांडले, प्रश्न विचारला. ऑपरेशन त्याच्या हातात नव्हतं, स्वयंपाकघर होतं, आणि माणूस जे हातात असतं तेच घट्ट धरतो. तारीख पुढे ढकलण्याआधी त्यानं मला एक फोन करायला हवा होता, हे खरं. पण तो करावासा वाटेल असं मी तरी कुठे बोलले होते?

पुढच्या आषाढी वारीत नानांनी दिवेघाट चढला नाही. सर्जननी एक वर्ष लांबचं चालणं नको म्हणून सांगितलं होतं. पालखी पुण्यात मुक्कामी असताना दर्शन घेऊन आले, पायात मऊ तळाची चप्पल घालून. काशाची वाटी काकूंनी पुन्हा काढली आहे, फक्त आता आधी साबणानं पाय धुतात, मोबाइलच्या उजेडात दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघतात, मग तूप लावतात. आणि नाना दवाखान्यात आले की रिपोर्टचं पाकीट टेबलावर ठेवायच्या आधी डावा पाय स्टुलावर ठेवतात.